कच्चा टाका

"मिटवतायत! किनुए, आपली टीम मिटवून टाकतायत!"

कुमाहारा ओरडतच दुकानात शिरला. हातात वर्तमानपत्र, पायात टोफूच्या कारखान्यातले रबरी बूट आणि उंबऱ्यापासून मशीनपर्यंत ओल्या पावलांची रांग. किनुएच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून उशीत खोचल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि मग विचारलं, "मिटवतायत की विकतायत? नीट वाच आधी. मागच्या खेपेलाही तू असाच बोंबलत आला होतास."

"विकली असती तर मी आलोच नसतो. विकायची सवय आहे आपल्याला. हे बघ ना! खाडीपलीकडच्या टीममध्ये मिसळणार म्हणे. मैदान त्यांचं, नाव त्यांचं, कोच त्यांचे. आपलं काय? धूळ!"

तिनं वर्तमानपत्र हातात घेतलं. बातमी खरी होती. तोमिहामा गावच्या बेसबॉल टीमची मालक असलेल्या इवामुरो बांधकाम कंपनीनं हात वर केले होते. बड्या मालकांचं जमलं, तर दोन लीगांची मिळून एकच लीग व्हायची होती आणि त्या गर्दीत तोमिहामाला जागा नव्हती. ऑक्टोबरातला शेवटचा सामना झाला की मैदानाला कुलूप.

"चहा घेणार?" किनुएनं विचारलं.

"चहा कसला विचारतेस! इथं घर जळतंय!"

"चहा घेतल्यानं ते जास्त जळणार नाही. बूट काढ आणि बस."

कुमाहारा बसला. बालवर्गापासूनची ओळख. त्याला ठाऊक होतं, की ही बाई घाबरली की चहा करते.

किनुए उराता तेव्हा चौसष्ट वर्षांची होती, आणि त्यातली चौपन्न वर्षं तिनं या टीमच्या छातीवर काढली होती. १९५० साली जपानात एका लीगच्या दोन लीगा झाल्या, तेव्हा ज्याला त्याला आपली टीम हवी होती. सेइकाई रेल्वेनं तोमिहामात टीम काढली आणि शर्टांवर नाव लावायचं काम मैदानामागच्या उराता शिवणघराला मिळालं. दहा वर्षांची किनुए बापाला सुईत दोरा ओवून द्यायची. बाप कडक माणूस. दर शर्ट देण्याआधी तो नावाची अक्षरं दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढायचा. "शिंप्याचा टाका म्हणजे शिंप्याचा शब्द," तो म्हणायचा. "ओढल्यावर सुटला, तर तो टाका नव्हे, थाप आहे."

मग रेल्वेचा उत्साह आटला आणि एका चित्रपट कंपनीनं टीम घेतली. शर्टांवर 'हाकुतो सिनेमा' आलं, तेही सोनेरी अक्षरांत. घरोघरी टीव्ही आले, सिनेमावाले बुडाले, तशी 'माएबारा कॅरामेल' आली आणि प्रत्येक बाहीवर एक हसरं अस्वल आलं. त्यानंतर इवामुरो बांधकाम. मालक बदलला की टोपी बदलायची, रंग बदलायचा, टीमचं गाणं बदलायचं, टीमचं प्रतीक असलेला प्राणीसुद्धा बदलायचा. एक्सप्रेसचे स्टार्स झाले, स्टार्सचे बेअर्स, बेअर्सचे टायटन्स. गावात मात्र कुणी ही नावं घेत नसे. गावात 'आपली टीम' एवढंच म्हणत.

प्रत्येक वेळी जुनं नाव उसवायचं काम किनुएकडे यायचं आणि नवं लावायचंही. उसवल्यावर कापडाला सुईची बारीक भोकं राहतात. उजेडात धरलं की एका नावामागे दुसरं नाव दिसतं. तिला ते बघवत नसे, म्हणून ती उसवलेले शर्ट खिडकीपाशी कधी न्यायची नाही.

तिची एकच इच्छा होती आणि ती तिच्या मनात घातली एका परक्या माणसानं. कॅरामेलच्या दिवसांत अमेरिकेहून डेल विटकम नावाचा एक आडदांड खेळाडू आला होता. शर्टाचं माप द्यायला तो शिवणघरात वाकून शिरला, तरी त्याचं कपाळ चौकटीवर आपटलंच. दुभाष्यानं छातीवरचं नाव वाचून दाखवलं, तसा तो हसत सुटला.

"मी इथं चेंडू मारायला आलोय की गोळ्या विकायला?" दुभाष्यानं ते किनुएला सांगितलं. मग विटकमनं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या देशात टीम परगावी खेळायला निघाली, की छातीवर आपल्या गावाचं नाव घालून जाते. "म्हणजे लोकांना कळतं, की हे कुठून आलेत. बाई, तुमच्या गावाचं नाव कुठाय?"

तो गेल्यावर तिनं पुठ्ठा घेतला आणि 'तोमिहामा'च्या अक्षरांचे साचे कापले. चांगले मोठे, छातीभर. ते तिनं मशीनच्या खालच्या खणात ठेवले आणि तिथंच ते एकोणतीस वर्षं पडून राहिले. कुणी विचारलंच नाही, तर दाखवणार कुणाला?

गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत किनुएनं एकही सामना पाहिला नव्हता. सामन्याच्या दिवशी कुणाचा ना कुणाचा शर्ट फाटायचा आणि तो मागच्या दारानं तिच्याकडे धावत यायचा. म्हणून ती सुईत दोरा ओवून दुकानात बसून राहायची. मैदानातल्या प्रेक्षकांच्या डाव्या सज्ज्याची भिंत तिच्या न्हाणीघराला लागून होती. तिथून कुमाहाराची तुतारी ऐकू यायची. कुमाहारा सकाळी टोफू विकायचा आणि संध्याकाळी प्रेक्षकांचा म्होरक्या असायचा. प्रत्येक खेळाडूची त्यानं वेगळी धून बसवली होती. धून वाजली की कोण खेळायला आलाय ते किनुएला कळायचं. धून अर्धवट तुटली आणि गलका झाला, की फटका बसला. सगळी धून वाजून नुसता उसासा आला, की गेला बिचारा बाद होऊन. हातातलं शिवण चालू ठेवून ती असा अख्खा सामना ऐकायची.

त्या उन्हाळ्यात कुमाहारानं सह्या गोळा करायला घेतल्या. टोफूच्या गाडीवर फलक लावून तो गल्लोगल्ली फिरला. सप्टेंबरात तर आक्रीतच झालं. देशभरातल्या खेळाडूंनी संप केला. दोन दिवस मैदानं ओस पडली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालक जरा नरमले. दोन्ही लीगा राहतील म्हणाले, नवी कंपनी पुढे आली तर विचार करू म्हणाले. पण तोमिहामाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

सप्टेंबरच्या अखेरीला इवामुरो कंपनीचे मोरिवाकी दुकानात आले. पन्नाशीचे, गंभीर, नेहमी करडा सूट. मागे टीमचं सामान सांभाळणारा होरिए दोन खोकी घेऊन उभा होता.

"उराताबाई, शेवटच्या सामन्यासाठी नवे शर्ट आहेत. बत्तीस. छातीवर नेहमीप्रमाणे कंपनीचं नाव, आणि बाहीवर ही पट्टी."

पट्टीवर लिहिलं होतं, 'चौपन्न वर्षं. आभारी आहोत.' काळ्या काठाची पट्टी होती.

"सामन्यानंतर हे शर्ट चाहत्यांना सोडतीत वाटायचे आहेत," मोरिवाकी म्हणाले. "आठवण म्हणून. आठ दिवसांत होतील ना?"

"होतील," किनुए म्हणाली.

कुमाहारा दाराशी टोफूचा डबा घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. मोरिवाकींची पाठ वळताच तो उसळला.

"होतील? असं सरळ होतील म्हणालीस? किनुए, मढ्याचे कपडे शिवायला घेतेस तू!"

"मी शिंपीण आहे. कपडे शिवते."

"मी बत्तीस हजार सह्या जमवल्या. तुझ्यानं एक नाही म्हणवलं नाही? तू आमची नाहीसच. जो मालक येईल त्याची तू!"

होरिए मध्ये पडला. "अहो काका, ताईंना कशाला बोलता…"

"तू गप रे! आणि आजपासून टोफू दुसरीकडून आण, किनुए."

डबा घेऊन तो चालता झाला. किनुएचे डोळे भरून आले होते आणि तिला ते होरिएला दाखवायचं नव्हतं, म्हणून ती वाकून खोकी उघडत बसली. बत्तीस कोरे शर्ट. पांढरेशुभ्र, एकाही भोकाशिवाय.

कोऱ्या शर्टांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मशीनचा खालचा खण ओढला.

त्या आठ दिवसांत तिनं जे केलं, ते सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. आधी तिनं निळ्या जाड कापडातून 'तोमिहामा' कापलं आणि प्रत्येक शर्टाच्या छातीवर पक्कं शिवलं. दुहेरी दोरा, दुहेरी टाका. प्रत्येक अक्षर दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग शर्टाच्याच पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या घेतल्या, गुंड्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक. त्यांवर 'इवामुरो' लावलं आणि त्या पट्ट्या गावाच्या नावावर झाकणासारख्या बसवल्या, कच्च्या टाक्यानं. कडेकडेनं लांब धावदोरा, कुठं गाठ नाही, कुठं उलटी टीप नाही. दोन्ही दोऱ्यांची टोकं दुसऱ्या गुंडीखाली आणून लपवली. ती टोकं तेवढी लाल रंगवली. ओढलं की सगळं निघावं.

कापडाच्या एवढ्या थरांतून सुया मोडायला लागल्या. आठवड्यात सतरा मोडल्या. पण हाताला त्रास झाला तो पक्क्या टाक्यांचा नव्हे, कच्च्यांचा. सुटेल असा टाका तिनं जन्मात घातला नव्हता. पहिल्या शर्टाला तर ती सवयीनं गाठ मारून बसली आणि मग स्वतःवरच चिडून ती उसवली. भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे बघून ती म्हणाली, "बघू नका तुम्ही इकडे. एवढ्या एका खेपेला थाप मारते."

मोरिवाकी शर्ट तपासायला आले. एक शर्ट उचलला, नाव पाहिलं, बाही पाहिली. छातीवरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला.

"जरा जाड लागतंय."

"हवा गार व्हायला लागलीय," किनुए म्हणाली. "आतून अस्तर दिलंय."

मोरिवाकींनी तिच्याकडे पाहिलं, शर्ट घडी करून खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "छान. नेहमीसारखंच नेटकं काम."

ते गेल्यावर तिनं होरिएला जवळ बोलावलं. "पोरांना सांग, दुसऱ्या गुंडीखाली लाल दोरा आहे. दोन्ही हातांनी ओढायचा. नको वाटलं तर ओढू नका म्हणावं. त्यांना पुढं नोकऱ्या करायच्यात."

"ओढल्यावर काय होतं ताई?"

"टाका सुटतो."

होरिए तिच्याकडे बघतच राहिला. या बाईच्या तोंडून ते दोन शब्द त्यानं कधी ऐकले नव्हते.

सामन्याच्या दिवशी दुपारपासून गल्लीत माणसं मावेनात. किनुए नेहमीसारखी न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसली. मांडीवर तिच्या नातेवाइकांपैकी कुणाचा तरी कोट होता, पण तिनं त्यात एक टाका घातला नाही.

पहिला डाव झाला. धुना वाजल्या, लोक ओरडले, 'इवामुरो, इवामुरो' झालं. दुसरा झाला, तिसरा झाला. कर्णधार तेजिमाची धून वाजली. तेजिमा एकोणिसाव्या वर्षापासून तिच्याकडे फाटक्या विजारी घेऊन यायचा, आता पस्तिशीला आला होता. त्याच्या धुनेनंतर उसासा आला. पाचवा डाव संपला, सहावा संपला. दोरा कुणी ओढला नव्हता.

'शहाणी पोरं,' तिनं स्वतःला समजावलं. 'त्यांचं बरोबर आहे. उद्या खाडीपलीकडे जायचंय त्यांना. म्हातारीच्या खुळापायी कोण पोटावर पाय आणून घेईल?' पण एकोणतीस वर्षं जपलेली अक्षरं, आणि शेवटी ती कुणाच्या तरी सोडतीच्या शर्टात झाकलेलीच राहायची.

सातव्या डावाआधी प्रेक्षक फुगे सोडतात, तशी रीतच आहे. हजारो फुगे शिट्ट्या वाजवत वर गेले, तेही तिनं ऐकलं. त्यानंतर लगेच तुतारी वाजायला हवी होती. वाजली नाही.

किनुए उठून उभी राहिली. सारं मैदान चिडीचूप झालं होतं. एवढी माणसं गप्प बसली, म्हणजे कुणाला तरी जबर लागलं. तेजिमा असेल. तिनं भिंतीला कान लावला.

मग एका माणसाचा आवाज आला. घसा बसलेला, टोफूवाल्याचा. तो तुतारी वाजवायची सोडून नुसता ओरडत होता. त्यात आणखी दहा आवाज मिसळले, मग शंभर, आणि बघता बघता भिंत थरथरायला लागली.

"तो-मि-हा-मा! तो-मि-हा-मा!"

रेल्वेचं नाव त्या मैदानात घुमलं होतं, सिनेमाचं घुमलं होतं, कॅरामेलचं, बांधकामाचं घुमलं होतं. गावाचं नाव गावानं चौपन्न वर्षांत पहिल्यांदा घेतलं होतं. किनुएनं दोन्ही तळवे भिंतीवर टेकले आणि ती मोठ्यानं रडली. आनंदानं रडली, लाज न बाळगता.

सामना संपल्यावर कुमाहारा आला. तुतारी गळ्यात, डोळे सुजलेले, आवाज पार गेलेला. दारातच त्यानं गुडघे टेकले.

"नाटकं करू नकोस. ऊठ आणि काय झालं ते सांग."

"तेजिमा बाहेर आला बघ," तो घोगऱ्या आवाजात सांगू लागला. "तिसऱ्या बेसपाशी उभा राहिला, टोपी काढली. दोन्ही हात छातीशी नेले आणि सर्रकन ओढलं! आम्हाला वाटलं, शर्टच फाडला लेकानं. आणि खाली… किनुए, खाली आपलं नाव! मग सगळ्यांनी ओढलं. बाकावर बसलेल्यांनीसुद्धा. पण पट्ट्या टाकल्या नाहीत हं कुणी. घडी करून मागच्या खिशात ठेवल्या."

"आणि पंच? त्यांनी अडवलं नाही?"

"पंचानं पाठ फिरवली आणि ब्रशनं बेस झाडायला लागला. तिथं धूळ नव्हतीच, तरी झाडतोय आपला, झाडतोय. समोरच्या टीमनं टोप्या काढल्या."

"आणि सामना?"

कुमाहारानं डोकं खाजवलं. "सामना… थांब हं. जिंकलो की! हो, जिंकलो बहुतेक."

किनुए इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग कुमाहारानं मान खाली घालून विचारलं, "टोफू आणू का उद्यापासून?"

"नाहीतर काय! त्या दुसऱ्याचा टोफू म्हणजे नुसता खडू आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तोच फोटो होता. लीगनं कडक ताकीद दिली, की हा गणवेश नोंदवलेला नव्हता. कंपनीनं खुलासा मागितला. किनुएनं चांगला किमोनो काढला, मिठाईचा डबा घेतला आणि रीतीप्रमाणे माफी मागायला इवामुरोच्या कचेरीत गेली. मोरिवाकींसमोर ती कमरेत पार काटकोनात वाकली.

"वय झालं. बत्तीसच्या बत्तीस शर्टांचा टाका कच्चा राहिला. माफ करा."

वाक्य पाठ करून आणलं होतं, तरी म्हणताना जीभ अडखळली. टाका राहिला, असं तिला जन्मात कधी म्हणावं लागलं नव्हतं.

मोरिवाकींनी डबा उघडला. आत माएबाराची कॅरामेल होती. त्यांनी एक सोलून तोंडात टाकलं.

"उराताबाई, जाड लागतंय असं मी म्हणालो होतो."

"हो."

"माझी आई कपडे शिवायची. शर्टाला अस्तर कुठं असतं आणि कुठं नसतं ते मला कळतं." त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. "घ्या. चांगली आहेत. मी लहानपणी बाहीवरच्या अस्वलासाठी खात असे."

किनुएनं मान वर केली. हा माणूस तोमिहामाचाच आहे, हे तिला तेव्हा कळलं.

डिसेंबरची आठ तारीख. त्या दिवशी सुयांना विश्रांती असते. शिवणाऱ्या बायका वर्षभरात मोडलेल्या सुया देवळात नेतात आणि मऊ टोफूत टोचून त्यांचे आभार मानतात. जन्मभर जाड कापडात घुसलेल्या सुयांना शेवटी तरी मऊ अंथरूण मिळावं. कुमाहारा दर वर्षी त्यासाठी एक वडी घेऊन यायचा. त्या वर्षी दोन आणल्या. सुया जास्त होत्या.

किनुए सुया मोजत होती, तेवढ्यात दारात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. घरपोच किराणा पोचवणाऱ्या 'हिनाता' कंपनीची होती. नाव हामुरो.

"आम्ही टीम घेतलीय. आजच ठरलं, संध्याकाळी जाहीर होईल. टीम इथंच राहणार. आमच्या यादीत दोन शहरं होती. फोटो बघून आमच्या अध्यक्षांनी विचारलं, हे तोमिहामा कुठं आलं?"

"आणि माझ्या सह्या?" कुमाहारा उसळला. "बत्तीस हजार सह्या! त्या बघितल्या की नाही?"

"त्यापण बघितल्या," हामुरो घाईनं म्हणाली. "छातीवर गावाचं नाव राहील. कायमचं. आमचं नाव बाहीवर, लहान."

कुमाहारानं टोफूच्या दोन्ही वड्या तशाच हातात धरून दुकानात एक गिरकी घेतली. किनुए मात्र हामुरोकडे बघत होती. बाईनं अजून सगळं सांगितलं नव्हतं. ती तळहात चोळत होती.

"अजून काय ते बोला ना."

"शर्ट…" हामुरोनं मान खाली घातली. "शर्ट कारखान्यातून येतील. नाव कापडातच छापलेलं असतं आता. हलकं असतं, घाम सुकतो. शिवायचं काही राहत नाही. मला फोनवर सांगता आलं असतं, पण ते बरं दिसलं नसतं."

कुमाहारा थांबला. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात किनुएनं त्याला हातानं गप्प केलं.

"छापलेलं नाव निघत नाही ना?"

"नाही. कधीच नाही."

"मग चांगलंच आहे की." तिनं एक सुई टोफूत टोचली, मग दुसरी. "एक मागते. पहिल्या सामन्याचे बत्तीस शर्ट माझ्याकडे द्या. तेवढे मी शिवते."

हामुरो होकार देत वाकली. किनुए लगेच साचे काढायला निघाली, तसा कुमाहारा ओरडला, "अगं, आज नाही! आज सुईला हात लावायचा नसतो!"

"सुईला नसतो," किनुए म्हणाली. "कात्रीला कुणी सांगितलं?"

मार्चअखेरीला, सलामीच्या सामन्याच्या सकाळी तेजिमा आपला शर्ट न्यायला स्वतः आला. अंगात घातला, आरशासमोर उभा राहिला. मग त्यानं दोन्ही हात छातीशी नेले आणि मिश्कील चेहरा केला.

"आजी, ओढू का?"

"ओढ."

त्यानं ओढलं. आधी थट्टेत, मग जोर लावून, मग दात आवळून, दंडाच्या शिरा फुगेपर्यंत. एक धागा हलला नाही.

"आता पुरे. मैदानावर लाव तो जोर," किनुए म्हणाली आणि तिनं त्याची कॉलर सरळ केली.

तो गेल्यावर तिनं मशीनवर कापड घातलं, दुकानाला कुलूप लावलं आणि ती कोपऱ्यावरच्या टोफूच्या दुकानाशी आली. कुमाहारा नवी पितळी तुतारी पुसत बसला होता.

"एक वडी दे."

"आत्ता? सामन्याला निघायच्या वेळी?"

त्यानं वडी पानावर ठेवली. किनुएनं कॉलरीमागे खोचलेली सुई काढली. तिनं ती बोटांत एकदा फिरवली आणि हळूच टोफूत टोचली, पार नेढ्यापर्यंत.

कुमाहारा वाकून बघायला लागला. "अगं, ही मोडलेली नाहीये."

"नाही," किनुए म्हणाली. "चल, तुतारी घे. मला चांगली जागा पाहिजे. मी अजून एकही सामना बघितलेला नाही."